चाफा आणि अडेनियम: होळी ते होळी

जानेवारीत गच्चीवर कुणी आलं की दोन कुंड्यांकडे बोट दाखवून हमखास विचारतं, "ही वाळली का हो?" एकीत चाफा, दुसरीत अडेनियम. दोन्हींवर एक पान नाही. राखाडी, मांसल, गाठीगाठींच्या फांद्या तेवढ्या उभ्या. नखाने साल जराशी खरवडली की खाली ओलं हिरवं दिसतं आणि पांढरा चीक बाहेर येतो. वाळलेलं काहीच नसतं, झोपलेलं असतं.

दोन्ही कण्हेरीच्या कुळातली. तगर, सदाफुली, बिट्टी, करवंद, सातवीण ही सगळी त्याच गोतावळ्यातली. अडेनियमला तर शास्त्रीय नाव पहिल्यांदा मिळालं तेच कण्हेरीचं. फोर्सकोल नावाचा निसर्गअभ्यासक १७६३ मध्ये येमेनात वारला आणि त्याच्या नोंदी १७७५ मध्ये छापल्या गेल्या, त्यात हे झाड 'नेरियम ओबेसम' म्हणून आलं, म्हणजे लठ्ठ कण्हेर. आजचं अडेनियम हे नाव एडनच्या बाजूचं. चाफ्याचं प्लुमेरिया हे नाव प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलं. देवळापुढचा हा चाफा कितीही आपला वाटला तरी तो मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांचा.

चीक सारखा, पानगळ सारखी, ओलीची भीती सारखी, म्हणून माती-पाणीही सारखंच चालेल असं धरून बहुतेक जण चुकतात. चाफ्याच्या मूळ रानात कोरडा उन्हाळा असतो तसा चांगला दणकून पावसाळाही असतो. अडेनियम अरबस्तानातल्या आणि आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातल्या खडकांच्या फटीत वाढतं. तिथे पाऊस पडला तरी मुळाशी थांबत नाही. चाफा पाणी फांद्यांत साठवतो, अडेनियम बुंध्यात आणि मुळांत. कुठली जागा आधी सडणार हे यावरूनच ठरतं.

नावाचा घोळ आधी मिटवून टाकू. मराठीत चाफे पुष्कळ. सोनचाफा, कवठी चाफा, हिरवा चाफा, नागचाफा, भुईचाफा यांतला एकही या चाफ्याचा नातलग नाही. इथे बोलतोय तो देवचाफा, खुरचाफा, पांढरा चाफा, म्हणजे चिकाचा चाफा. नर्सरीत त्याच्या तीन जाती मिळतात आणि पानावरून ओळखू येतात. पान लांब, टोकदार आणि हिवाळ्यात पूर्ण गळणारं असेल तर रुब्रा. लाल, गुलाबी, पिवळे, रंगीत चाफे बहुतेक याच गटातले. पान गडद, चकचकीत आणि टोकाला गोल असेल तर ऑब्ट्यूसा. याचं फूल पांढरं, मध्ये छोटासा पिवळा ठिपका, आणि हा मुंबईकोकणात हिवाळ्यातही पानं धरून ठेवतो. पान नागाच्या फण्यासारखं असेल तर पुडिका. त्याला पांढरे झुबके वर्षभर येत राहतात, पण वास नाही. वासासाठी चाफा हवा असेल तर फणा दिसल्यावर पुढच्या कुंडीकडे वळावं.

होळीच्या आधी: एकच सुरी, उलटं काम

आमचं बागेचं वर्ष फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतं. थंडी मोडलेली असते, नवी पालवी फुटायची असते. याच पंधरवड्यात दोन्ही झाडांवर सुरी चालते, पण हेतू अगदी उलट.

चाफ्याला फूल येतं फांदीच्या टोकाला. झुबका आला की त्या टोकाची वाढ थांबते आणि त्याच्याखालून दोन किंवा तीन नव्या फांद्या फुटतात. पुढे त्या प्रत्येकीच्या टोकाला झुबका. एका टोकाचे तीन, तिनाचे नऊ, असा हा हिशेब चालतो. आता कुणी दर वर्षी 'आकार द्यायला' म्हणून सगळी टोकं छाटली तर काय होईल? नवीन फुटवे येतील, पानं भरपूर येतील, पण ती टोकं पक्व होऊन झुबका द्यायला बहुधा पुढचा मोसम लागतो. "चार वर्षं झाली, चाफा फुलतच नाही" या तक्रारीमागे निम्म्या वेळा ही छाटणीच असते. उरलेल्या निम्म्यात सावली, नाहीतर युरिया. चाफ्याला छाटायचं ते मेलेलं, आडवं आलेलं, किंवा कलमासाठी हवं तेवढंच.

अडेनियमचं नेमकं उलट. त्याचं फूलही टोकालाच, पण छाटल्यावर दोन ते तीन महिन्यांत नव्या फुटव्याच्या टोकाला कळ्या दिसतात. म्हणून हात आखडता घेऊ नये. लांबलेल्या, नागड्या फांद्या बुंध्यापासून चार-पाच इंच ठेवून सरळ उडवायच्या. प्रत्येक कापाखाली दोन-तीन डोळे फुटतात, झाड डेरेदार होतं आणि उन्हाळ्यात एकदम भरून फुलतं. न छाटलेलं अडेनियम तीन वर्षांत काठीवर चार पानं आणि दोन फुलं असं दिसू लागतं.

सुरी प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसायची. चिकाचं गांभीर्य दोघांत वेगळं आहे. चाफ्याचा चीक कातडीला खाज आणतो, डोळ्यात गेला तर चांगलाच त्रास देतो. अडेनियमच्या चिकात हृदयावर काम करणारी विषं असतात. आफ्रिकेत तो बाणांना लावत आले आहेत. घरात रांगतं मूल किंवा पानं चावणारं कुत्रं असेल तर अडेनियमची कुंडी कठड्यावर उंच ठेवावी. छाटलेले तुकडे शेळ्यांच्या वाटेवर टाकू नयेत. हातमोजे दोन्हींना.

चाफ्याचं फाटेकलम

चाफा बियांपासून करत बसू नये. आपल्याकडे शेंगा क्वचितच धरतात, आणि बियांचं रोप आईसारखं फुलेल याची खात्री नाही, शिवाय फुलायला तीनेक वर्षं थांबावं लागतं. फांदी लावली की पहिल्या-दुसऱ्या वर्षी फूल, आणि तेही हुबेहूब तेच.

फांदी अंगठ्याएवढी जाड, फूट ते दीड फूट लांब, आणि साल राखाडी झालेली हवी. हिरवी, कोवळी फांदी घेतली की ती सडते. यात अपवाद जवळजवळ नाही. कापाचा चीक पाण्याने धुऊन टाकायचा, पानं असतील तर देठ थोडे ठेवून काढायची आणि फांदी सावलीत, हवेशीर जागी आडवी टाकून द्यायची. सात ते दहा दिवस. नवख्यांना हे जड जातं, फांदी सुकून जाईल असं वाटतं. ती थोडी सुरकुततेही. हरकत नाही. कापाच्या तोंडावर कोरडी, कडक खपली धरली पाहिजे. बोट फिरवलं तर वाळलेल्या रंगासारखं लागलं पाहिजे, जराही चिकट नाही.

मग आठ इंची कुंडीत अर्धी जाड वाळू आणि अर्धी पोयट्याची माती. शेणखत नको. फांदी तीन ते चार इंच खोल लावायची आणि बाजूला काठी रोवून सुतळीने बांधायची. ही सुतळी चैन नाही. फांदी वाऱ्याने हलली की फुटू लागलेली मुळं तुटतात आणि दोन महिने वाया. पहिलं पाणी लावताना एकदाच भरपूर, त्यानंतर वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावर थोडंसं. पानं नाहीत म्हणजे पाणी उडवायची सोय नाही. रोज पाणी घालणारा माणूस ते पाणी मुळाला नव्हे, कापाला पाजत असतो.

मुळं धरायला सहा ते आठ आठवडे लागतात. टोकाला दोन पानं आली म्हणून मुळं आली असं समजू नये, फांदीतल्या साठ्यावरही तेवढी पानं निघतात. पानं तळहाताएवढी होऊन ताठ राहिली, म्हणजे काम झालं. उपटून बघायचा मोह आवरावा. पहिल्या वर्षी कलमालाच झुबका आला तर आम्ही तो कापतो. जीवावर येतं, पण मुळं आधी.

अडेनियमची कुंडी बदलताना

अडेनियम फांदी लावूनही जगतं, पण मग हौस फुकट. त्याचा बाटलीसारखा फुगलेला बुंधा, ज्याला सगळे कॉडेक्स म्हणतात, तो बियांच्या रोपालाच ऐटीत येतो. फांदीच्या रोपाची मुळं जाड होतात, बुंधा तसा होत नाही. दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची जी झाडं थायलंड-तैवानच्या वाणांची म्हणून विकतात ती बहुधा कलमं असतात: खाली बियांच्या रोपाचा बुंधा, वर हव्या त्या फुलाची पाचर. खरेदी करताना बुंध्यापासून वर बोट फिरवावं, जोडाची गाठ लागते. त्या गाठीखालून आलेला फुटवा त्याच दिवशी मोडायचा. तो जोमात वाढतो, साधी गुलाबी फुलं देतो आणि वरचं महागडं कलम उपाशी मारतो. दोन वर्षांनी "माझ्या झाडाचा रंग बदलला" म्हणतात ते हेच.

कुंडी बदलायला होळीच्या आसपासचे दिवस उत्तम. आधी आठवडाभर पाणी बंद. कोरडी माती मुळांवरून आपोआप सुटते, ओली ओढावी लागते. झाड बुंध्याला धरून बाहेर काढलं की मुळांचा गुंता दिसतो. जुनी माती पूर्ण झटकायची, हवं तर पाण्याने धुवायची. आता बघण्याची गोष्ट: चांगलं मूळ कापलं की आत बटाट्यासारखं पांढरं-पिवळसर, घट्ट. तपकिरी, मऊ, बोटात साल निसटून येणारं मूळ म्हणजे सड, ते पांढरं लागेपर्यंत मागे कापत यायचं. बारीक केसाळ मुळं आणि सरळ खाली जाणारं मुख्य मूळ आम्ही एक तृतीयांश छाटतो. त्याने बाजूची मुळं जाड होतात. कापांवर मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची पेस्ट लावून झाड सावलीत तीन ते सात दिवस उलटं टांगायचं. जुन्या तारेच्या हँगरला सुतळी बांधून टांगलेली अडेनियमं हे आमच्या गच्चीचं फेब्रुवारीतलं दृश्य आहे, शेजारीपाजारी आता विचारत नाहीत.

लावताना झाड आधीपेक्षा इंचभर वर घ्यायचं. दर कुंडीबदलीला एकेक इंच मूळ उघडं पडत गेलं की पाच-सहा वर्षांत हत्तीच्या पायासारखं दिसू लागतं. नव्याने उघडी पडलेली मुळं उन्हात भाजतात, म्हणून पहिले तीन आठवडे कुंडी अर्ध्या सावलीत ठेवायची किंवा त्या भागाला गोणपाटाचा तुकडा गुंडाळायचा. आणि लावल्यावर लगेच पाणी नाही. सात दिवस थांबायचं. 'लावलं की पाणी' ही सवय इथे झाड घालवते.

कुंडी पसरट घ्यावी, खोल नको. बुंध्याच्या दीडपट रुंद पुरे. मोठ्या कुंडीत मुळं नसलेली माती ओली राहते आणि तिथून सड सुरू होते. चाफ्याला मात्र खोली लागते. त्याचा भार वर असतो आणि उथळ कुंडीतलं झाड वळवाच्या पहिल्या वाऱ्याला कुंडीसकट आडवं होतं. मोठ्या चाफ्याला सोळा इंची, शक्यतो मातीची किंवा सिमेंटची कुंडी. त्याहून उत्तम म्हणजे जमीन.

माती

अडेनियमचं मिश्रण आमच्याकडे असं: चार भाग विटांचे तुकडे किंवा धुतलेली जाड वाळू, दोन भाग लाकडी कोळशाचे तुकडे, दोन भाग कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, दोन भाग जुनं गांडूळखत. दहा लिटर मिश्रणाला दोन मुठी निंबोळी पेंड आणि एक मूठ हाडांचा चुरा. विटांचे तुकडे तीन ते पाच मिलिमीटरचे, आणि चाळून धूळ काढून टाकलेले. ही धूळच खाली बसून भोकं बुजवते. कोकोपीट आधी दोनदा धुवायचं, त्यात मीठ असतं. तयार कुंडीत वरून तांब्याभर पाणी ओतलं की दहा सेकंदांच्या आत खालच्या भोकातून धार लागली पाहिजे. पाणी वर साचलं तर मिश्रण परत चाळा.

चाफा इतका नखरेल नाही. दोन भाग माती, एक भाग मुरूम किंवा जाड वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. लालसर कोकणी मातीत तो जवळजवळ फुकट वाढतो. देशावरच्या काळ्या मातीत मात्र खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल घेऊन निम्मा मुरूम भरायचा आणि झाड जमिनीपेक्षा अर्धा फूट उंचवट्यावर लावायचं. काळी माती पावसाळ्यात पाणी धरते, उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते. दोन्ही वाईट.

उन्हाळा

इथे दोघांचं जमतं. ऊन दोघांना सहा तासांहून जास्त, जितकं मिळेल तितकं. गॅलरीत तीन तास ऊन येत असेल तर दोन्ही नकोत, तगर लावा.

एप्रिल-मेमध्ये कुंडीतल्या अडेनियमला एक दिवसाआड आणि विदर्भासारख्या उन्हात रोज सकाळी पाणी लागतं. वाळवंटी झाड म्हणून मेमध्ये आठवड्यातून एकदा पाणी देणारे लोक त्याची पानं गाळून घेतात. पानावर आणि फुलोऱ्यावर असताना ते पाणी भरपूर पितं, फक्त थांबलेलं पाणी चालत नाही. आइसक्रीमची लाकडी काडी कुंडीच्या कडेने खोचायची, दहा मिनिटांनी काढायची. कोरडी आली की पाणी. जमिनीतल्या तीन वर्षांपुढच्या चाफ्याला आठवड्याला एकदा पाणी मिळालं तरी पुरे.

खत मार्च ते सप्टेंबर. पालवी फुटताना १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला दोन ग्रॅम, कळ्या दिसू लागल्या की ००:५२:३४ (नत्र नाही, फक्त स्फुरद आणि पालाश) तेवढंच, दर पंधरा दिवसांनी. अडेनियमला मात्रा अर्धी आणि माती ओली असतानाच. नत्र जास्त झालं की दोघंही पानांत रमतात, अडेनियमचा बुंधा तर पोकळ-मऊ वाढतो आणि पावसात पहिला बळी जातो.

चाफ्याचा वास संध्याकाळनंतर चढतो. तो निशाचर पतंगांना बोलावण्यासाठी असतो, आणि ही चक्क फसवणूक आहे, कारण फुलात मध नसतोच. पतंग या फुलातून त्या फुलात मध शोधत फिरतो आणि परागीकरण होऊन जातं. अडेनियमला वास जवळजवळ नाहीच, ते रंगावर धंदा करतं.

अडेनियमचं बी हवं असेल तर हाताने परागीकरण करावं लागतं. फुलाच्या नळीतून डोकावणारे पाच लांब धागे पराग धरत नाहीत, परागकण त्याखालच्या बंद शंकूत आत असतात. नळी ब्लेडने उभी चिरायची, बारीक कुंचला शंकूच्या फटीत घालून दुसऱ्या झाडाच्या तशाच फटीत फिरवायचा. दहा फुलांतलं एखादं धरतं. दोन शिंगांसारखी जोडशेंग येते आणि दोन-तीन महिन्यांत पिकते. शेंगेला आधीच दोरा गुंडाळून ठेवावा. ती अचानक तडकते, बियांना दोन्ही टोकांना रेशमी झुबके असतात, आणि मग रुईच्या म्हाताऱ्यांसारखं सगळं बी शेजारच्या सोसायटीत. ताजं बी आडवं ठेवून वर दोन-तीन मिलिमीटर वाळू टाकली तर आठवड्याच्या आत उगवतं. जुनं बी विकत घेऊ नये.

पाऊस

जून ते सप्टेंबर हे चार महिने अडेनियमच्या मालकाची परीक्षा घेतात. चाफ्याच्या मालकाने आरामात चहा प्यावा.

पुण्यासारख्या ठिकाणी मिश्रण खरोखर निथळणारं असेल तर अडेनियम उघड्यावर पावसाळा काढतं. एक-दोन दिवसांच्या सरी, मध्ये ऊन, असं चालतं. सलग चौथ्या दिवशी झड लागली की कुंड्या आत घ्यायच्या किंवा आडव्या पाडून ठेवायच्या. होय, कुंडी जमिनीवर सरळ आडवी. पाणी आत जातच नाही. कोकणात आणि मुंबईत मृग लागायच्या आधीच त्या पारदर्शक पत्र्याखाली न्याव्यात, आणि छताखाली असल्यावर आठ-दहा दिवसांनी थोडं पाणी लक्षात ठेवून द्यावं. कुंडीखालची बशी पावसाळ्यात काढून टाकायची, चार विटांवर कुंडी उचलून ठेवायची.

रोज सकाळी बुंधा बोटाने दाबायचा. हे वाचायला गमतीशीर वाटतं, पण झाड यानेच वाचतं. घट्ट असेल तर ठीक. मऊ लागला तर दोन शक्यता असतात आणि उपाय परस्परविरुद्ध. सगळा बुंधा सारखाच मऊ, थोडा सुरकुतलेला आणि माती कोरडी, म्हणजे तहान. पाणी दिलं की दोन-तीन दिवसांत टणक होतो. एकाच जागी मऊ, साल काळपट-ओलसर, दाबलं की पाणी सुटतं, आंबूस वास येतो आणि पानं पिवळी पडून गळताहेत, म्हणजे सड. अशा वेळी पाणी देणं म्हणजे तिला मदत करणं.

सड दिसली की त्याच दिवशी झाड उपटायचं. धुवायचं. तपकिरी भाग कापत जायचं, दर कापाला सुरी स्पिरिटने पुसत. आतल्या पांढऱ्या गरात तपकिरी ठिपका किंवा कडं राहिलं तर अजून कापायचं. दया दाखवून अर्धा सेंटिमीटर ठेवला तर आठवड्याने परत तेच. निम्मा बुंधा गेला तरी झाड उठतं. कापावर मेटॅलॅक्सिल-मॅन्कोझेबची पेस्ट. अनेक जण नुसतं कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक वापरतात, पण ओल्या कुंडीत सड करणाऱ्या पिथियम-फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जीवांवर त्याचा परिणाम होत नाही. मग झाड पंख्याखाली किंवा हवेशीर सावलीत दहा-पंधरा दिवस. पावसाळी हवेत खपली उशिरा धरते, घाई नको. पुन्हा लावताना खत अजिबात नाही, नुसत्या विटांच्या तुकड्यांत आणि कोळशात.

चाफा सहसा असा जात नाही. त्याचं पावसाळी दुखणं म्हणजे तांबेरा. पानाच्या वर पिवळे ठिपके दिसतात, पान उलटलं की खाली केशरी पूड, बोटाला हळदीसारखी लागते. जुलैअखेर सुरू होतो, सप्टेंबरात कळस. रुब्राला जास्त, पुडिकाला फारसा नाही. सुरुवातीलाच धरला तर मॅन्कोझेब लिटरला दोन ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, आणि फवारा पानाच्या खालून वर. वरून मारलेलं औषध वाया जातं, बुरशी खाली असते. पण सप्टेंबर उलटल्यावर तांबेरा दिसला तर आमचं मत स्पष्ट आहे: औषधाचे पैसे वाचवा. ती पानं डिसेंबरात गळणारच आहेत. गळालेली पानं रोज झाडून कचऱ्यात टाकावी, झाडाखाली आच्छादन म्हणून किंवा खताच्या खड्ड्यात नको.

ऑक्टोबर

पाऊस थांबून ऊन तापलं की अडेनियमला दुसरा बहर येतो आणि पाहुणेही येतात. सकाळी एखाद्या फांदीची सगळी पानं गायब, नुसते देठ, आणि कुंडीत मिऱ्याएवढ्या काळ्या-हिरव्या लेंड्या. ही कण्हेरीवरच्या पतंगाची अळी. बोटाएवढी, पोपटी, आणि डोक्यामागे निळे दोन डोळे रंगवल्यासारखे. औषध कशाला, चिमटीने उचलावी. एक अळी रात्रीत फांदी संपवते, म्हणून लेंड्या दिसल्या त्याच दिवशी शोधायची. पानाखाली, देठाला समांतर बसते.

लाल कोळी डोळ्याला दिसत नाही, पानं निस्तेज, धूळ बसल्यासारखी होतात. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारली की ठिपके चालू लागतात. दोन दिवसाआड पानाच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, तीनदा केला की उतरतो. नीम तेल लिटरला पाच मिली, थोडा साबण घालून, सूर्य कलल्यावरच मारावं. दुपारी मारलं तर तेल लागलेली पानं भाजतात, अडेनियमची तर गळतातच.

पिठ्या ढेकूण दोघांनाही लागतो, चाफ्याला जास्त. मुंग्यांची रांग वर जाताना दिसली की टोकं बघा. पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात २००८ मध्ये कोइमतूरला पहिल्यांदा सापडला आणि चाफा हे त्याचं आवडतं खाद्य निघालं. २०१० मध्ये त्याच्यावर जगणाऱ्या इवल्या गांधीलमाशा परदेशातून आणून सोडल्या गेल्या, तेव्हा तो आवरला. म्हणून दिसला ढेकूण की जहाल कीटकनाशक, असं करू नये, त्यात या माशाच आधी मरतात. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसणं, पाण्याची धार, साबणपाणी, आणि मुंग्यांचा बंदोबस्त एवढं घरगुती बागेला पुरतं.

थंडी

दिवाळीनंतर खत बंद. नोव्हेंबरपासून पाणी कमी करत आणायचं. पानं पिवळी पडू लागतात, पडू द्यावीत. उपाशी आहे म्हणून खत घालणं ही या महिन्यातली नेहमीची चूक. जमिनीतल्या चाफ्याला डिसेंबर-जानेवारीत पाणी लागत नाही, कुंडीतल्याला तीन आठवड्यांनी तांब्याभर. अडेनियमला दहा-पंधरा दिवसांनी पेलाभर, आणि तेही दुपारी, थंड रात्रीला माती ओली राहायला नको.

पारा १० अंशांखाली उतरला की अडेनियम आत घ्यावं. निफाडकडे तो ५ अंशांच्या आसपास येतो, तिथे चाफ्याच्या कोवळ्या टोकांनाही काळेपणा येतो. ती टोकं कापून टाकली की खालून फुटतं. हिमवर्षावाच्या मुलुखात राहणाऱ्या मराठी घरांना चाफाच सोपा: पानं गळाली की तो कोरडा, अंधाऱ्या पण न गोठणाऱ्या गॅरेजमध्ये पाण्याशिवाय तीन-चार महिने राहतो. अडेनियम थंडीत घरात उबेला ठेवलं तर पानं धरून राहतं, मग त्याला खिडकीतलं ऊन आणि पाणी दोन्ही लागतं.

जानेवारीअखेर रोज टोकांकडे नजर ठेवायची. चाफ्याचं राखाडी, बोथट टोक एके दिवशी चकचकीत होतं आणि त्यातून पोपटाच्या चोचीसारखी हिरवी टोकदार पालवी बाहेर येते. अडेनियमच्या फांद्यांवर मोहरीएवढे लालसर डोळे फुगतात. त्या आधी पाणी वाढवायचं नाही. चोच दिसली की कुंडीतल्या चाफ्याला अर्धी बादली. अडेनियमची कुंडी बदलायची असेल तर त्याला उलट थेंबही नाही, सुतळी शोधायला घ्यायची.